मूत्रपिंड प्रत्यारोपण : लशी आधी, शस्त्रक्रिया नंतर

कामशेत, वडगाव किंवा लोणावळ्याहून लोकलने पुण्याला डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णापुढे एकच प्रश्न असतो : मूत्रपिंड कधी मिळणार? लशींचा विचार सहसा मागे पडतो. वास्तविक त्यासाठी हाच काळ योग्य असतो.

नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे प्रत्यारोपणानंतर कायम घ्यावी लागतात. लशीला प्रतिसाद देणारीही हीच शक्ती. साहजिकच शस्त्रक्रियेनंतर टोचलेल्या लशीचा परिणाम पुष्कळदा अपुरा राहतो. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड केव्हा उपलब्ध होईल हे सांगता येत नाही. त्यामुळे प्रतीक्षायादीत नाव नोंदवतानाच लसीकरण सुरू केलेले बरे. हिपॅटायटिस-बीची लस डायलिसिसच्या रुग्णांना दुप्पट मात्रेत, साधारणतः शून्य, एक, दोन व सहा महिने अशा चार वेळा देतात. नंतर रक्ततपासणीने प्रतिपिंडांची पातळी पाहणे आवश्यक असते. न्यूमोनियाची लसही याच काळात घ्यावी.

सर्वाधिक गोंधळ होतो तो 'जिवंत' लशींबाबत. गोवर-गालगुंड-रुबेला व कांजिण्यांच्या लशींत दुर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. त्या शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी द्याव्यात. नंतर सर्वसाधारणपणे देत नाहीत. याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात घेतला. पुढील वर्षी येथीलच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. ती जिवंत विषाणूची असल्याने प्रत्यारोपित रुग्णांसाठी नव्हती. फ्लूची टोचून देण्याची निष्क्रिय लस मात्र त्यांना चालते. प्रत्यारोपणानंतर महिनाभराने ती घेता येते व दरवर्षी घ्यावी लागते. इतर निष्क्रिय लशी सहसा तीन ते सहा महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू होतात.

घरच्यांनीही फ्लूची लस घ्यावी. बाळाला मात्र पोलिओचे थेंब न पाजता, डॉक्टरांच्या सल्ल्याने टोचून देण्याची निष्क्रिय पोलिओ लस द्यावी.

लोणावळा-खंडाळ्यात माकडांचा उपद्रव नवा नाही, भटकी कुत्रीही आहेत. 'प्रत्यारोपण झाले आहे, लस चालणार नाही' असे समजून चावा अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. रेबीजची लस निष्क्रिय आहे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि प्रत्यारोपणाची माहिती प्रथम द्यावी. अशा रुग्णांना रक्त न आलेल्या ओरखड्यासाठीही लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते.