चिठ्ठी टाकून शिकवणी?

समजा आपल्या एनएसएसच्या पोरांनी अमरावतीजवळच्या एका जि. प. शाळेत वर्षभर गणित शिकवलं. जूनमध्ये मुलांचे सरासरी गुण होते ३०, एप्रिलमध्ये झाले ४५. अहवालात आपण झोकात लिहिणार, "उपक्रम यशस्वी!" पण खरंच? पोरं वर्षानं मोठी झाली, शाळेतले गुरुजीही शिकवतच होते. मग १५ गुणांपैकी आपले किती?

आपण गेलोच नसतो तर याच मुलांना किती गुण पडले असते, हे कळायला हवं. ते तर कधीच दिसत नाही. म्हणून तुलनेला दुसरी मुलं घ्यावी लागतात. ती कशी निवडायची, यातच सगळी मेख आहे.

वावरातली युक्ती

हा पेच शेतीवाल्यांनी आधी सोडवला. पऱ्हाटीचं नवं वाण विहिरीजवळच्या कसदार तुकड्यात पेरलं अन् जुनं मुरमाड बाजूला, तर जास्तीचा कापूस वाणाचा की जमिनीचा? इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड केंद्रात १९२० च्या दशकात आर. ए. फिशर यांनी उपाय मांडला: कोणत्या तुकड्यात काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. तुकडे पुरेसे असले की चांगली-वाईट जमीन दोन्हीकडे सारखी वाटली जाते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या मित्राला विचारा, 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन' त्याला तोंडपाठ असेल.

बालसखीचा प्रयोग

हीच युक्ती शाळेत आली. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा 'बालसखी' कार्यक्रम होता. वस्तीतलीच एक तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथं त्याची परीक्षा घेतली. वडोदऱ्यात २००१-०२ मध्ये चिठ्ठीनं ठरलं, की काही शाळांना बालसखी तिसरीसाठी मिळेल आणि उरलेल्यांना चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल. म्हणजे कोणतीही शाळा वंचित नाही, आणि तुलनेला वर्गही मिळाला!

समजा, चिठ्ठीऐवजी बालसखीकडे गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांचे गुण नुसते शेजारी ठेवले असते तर? गेलेली मुलं मुळातच कच्ची, म्हणून कार्यक्रम तोट्याचा वाटला असता. खासगी क्लासच्या जाहिरातीत बरोबर याच्या उलट होतं: हुशार पोरं आधीच भरती, श्रेय क्लासला!

२००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनानं वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ नं. म्हणजे शंभरात अगदी मधोमध असलेलं मूल साधारण ११ जणांच्या पुढं गेलं. जास्त फायदा तळातल्या मुलांचा. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात यातला बराच लाभ ओसरला. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिठ्ठी टाकता येत नसेल तर?

पुष्कळदा योजना आधीच सुरू झालेली असते. तिथं क्वासी-एक्सपेरिमेंट, म्हणजे अर्ध-प्रायोगिक पद्धत कामी येते. एक मार्ग फरकातल्या फरकाचा. आपल्या गावात ३० चे ४५ झाले, शेजारच्या गावात आपण न जाताही ३२ चे ४२. आपला वाटा १५ वजा १०, म्हणजे ५. पण यात एक गृहीत आहे: आपण नसतो तर दोन्ही गावं सारखीच वाढली असती. शेजारच्या चांगल्या गुरुजींची त्याच वर्षी बदली झाली असेल तर हिशेब कोलमडला.

दुसरा मार्ग कट-ऑफचा. सीईटीत एका गुणानं प्रवेश मिळालेला आणि एका गुणानं हुकलेला, दोघं जवळपास सारखेच. मग पुढं दोघांत पडलेला फरक बहुधा प्रवेशाचाच. १९६० मध्ये अमेरिकेत थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी गुणवत्ता प्रशस्तिपत्राचा परिणाम असाच मोजला. मात्र हे उत्तर रेषेजवळच्या मुलांपुरतंच; टॉपरला ते लागू नाही.

चिठ्ठीची पद्धतही रामबाण नाही, बरं का. दोनच शाळांत चिठ्ठी टाकली तर तो नुसता नशिबाचा खेळ. शाळा भरपूर हव्यात. आणि वडोदऱ्याचं उत्तर मेळघाटात, घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांना, जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी वीस शाळांची मागणी असेल अन् आपली पोरं दहालाच पुरत असतील, तर ओळखीच्या शाळा निवडू नका. सरळ चिठ्ठ्या टाका, चाचणी वीसही शाळांत घ्या आणि उरलेल्या दहांना पुढच्या वर्षाचा शब्द द्या. कदाचित उत्तर 'शून्य' येईल. येऊ द्या! पद्धत तरी बदलता येईल. त्या पोरांचं वर्ष परत येत नाही.