हवाई छत्रीची घडी : क्रम आणि विलंब

नवे वस्त्र प्रथमच नेसण्यास मराठीत ‘घडी मोडणे’ असे म्हणतात. घडी ही अखेरीस मोडण्यासाठीच घातलेली असते, हा या वाक्प्रचारातील गर्भितार्थ हवाई छत्रीच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरतो. मात्र कपाटातील वस्त्राची घडी कशीही मोडली तरी चालते. हवाई छत्रीची घडी विशिष्ट क्रमानेच, आणि तीही काही सेकंदांत, मोडावी लागते. सुमारे वीस चौरस मीटर कापड व त्यास जोडलेल्या दोऱ्या पाठीवरील लहानशा आवरणात बसविणे, एवढेच या बांधणीचे प्रयोजन असावे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः कापड बसविणे हे गौण कार्य होय. कोणती गोष्ट आधी घडावी, कोणती नंतर घडावी आणि तीत किती विलंब असावा, हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवणे, हे बांधणीचे मुख्य कार्य आहे.

हा प्रश्न हवाई छत्रीच्या जन्माबरोबर उद्भवला नाही. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-झाक गार्नेरँ याने पॅरिस येथे ज्या छत्रीच्या साहाय्याने अवतरण केले, ती मिटलेल्या पावसाळी छत्रीप्रमाणे बलूनखाली टांगलेली होती. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेऊन, काही काळ मुक्तपणे खाली येऊन, मग स्वहस्ते दोरी ओढून पाठीवरील छत्री उघडली. मिटलेली छत्री अंगावर वागवून पडता पडता उघडावयाची, ही रीत तेथून रूढ होत गेली आणि घडीस स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले. पुढे डॉमिना जॅल्बर्ट याने पंखाच्या आकाराची, कप्प्याकप्प्यांची छत्री योजिली. तिच्या एकस्वासाठी १९६४ साली अर्ज केला गेला व १९६६ साली ते मिळाले. या छत्रीच्या पुढील कडेस कप्प्यांची तोंडे उघडी असतात. त्यांतून हवा आत शिरते आणि कापडाचा पंख बनतो. हा पंख हवा तसा वळविता येतो. परंतु वेगात असताना तो फार झपाट्याने भरतो. मृदू उघडणीचा प्रश्न यामुळेच तीव्र झाला.

त्याची तीव्रता साध्या हिशेबाने ध्यानी येते. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग सेकंदास सुमारे ५५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो. छत्री उघडल्यावर खाली येण्याचा वेग सेकंदास सुमारे ५ मीटर उरतो. वेगातील ही ५० मीटरची घट चार सेकंदांत झाली, तर शरीरावरील पट्ट्यांना सरासरीने त्याच्या वजनाच्या सव्वादोन पटींहून थोडा अधिक भार सोसावा लागतो. तीच घट एका सेकंदात झाली तर हा भार सहा पटींवर जातो. आणि ही केवळ सरासरी होय, क्षणिक कमाल भार याहूनही मोठा असतो. अशा कठोर उघडणीने मानेस व मणक्यास इजा होते, दोऱ्या तुटतात, कापड फाटते. तिने माणसे मृत्यू पावल्याचीही उदाहरणे आहेत. उलटपक्षी विलंब अमर्याद असूनही चालत नाही, कारण प्रत्येक सेकंदागणिक जमीन जवळ येत असते.

म्हणून उघडणीचे दोन टप्पे स्पष्टपणे वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला टप्पा बाहेर पडण्याचा : आवरण उघडणे, दोऱ्या सुटून ताणल्या जाणे आणि कापड आतल्या पिशवीतून निघणे. दुसरा टप्पा भरण्याचा : कापडात हवा शिरून ते पसरणे. पहिल्या टप्प्यात अडथळा नको. दुसऱ्यात विलंब हवा. बांधणीतील बहुतेक दोष या दोहोंची गल्लत झाल्याने उत्पन्न होतात.

पहिल्या टप्प्याचा आरंभ पायलट शूट नावाच्या छोट्या छत्रीने होतो. उडी घेणारा ती हाताने वाऱ्यात सोडतो. ती वाऱ्याने ओढली जाऊन आवरणाची पिन काढते व आतली पिशवी वर खेचते. आजच्या प्रकारातील ही छोटी छत्री काम झाल्यावर आपोआप मिटते. त्यामुळे पुढील बांधणीच्या वेळी तिच्या मधली दोरी ओढून ती पुन्हा सज्ज करावी लागते. हे विसरल्यास ती निर्जीव चिंधीसारखी मागे फडफडत राहते, आणि वरकरणी निर्दोष दिसणारी घडी मोडतच नाही. दोऱ्या आतल्या पिशवीवर वळशावळशांनी रबरी वळ्यांत अडकविलेल्या असतात. वळ्या सैल असल्या तर दोऱ्या एकदम बाहेर सांडतात, त्या ताणल्या जाण्यापूर्वीच कापड पिशवीतून निसटून भरू लागते आणि मग बसणारा झटका अत्यंत कठोर असतो. वळ्या अवाजवी घट्ट असल्या तर पिशवी बंदच राहण्याचा धोका असतो. प्रत्येक वळसा सारख्या लांबीचा व सारख्या ताणाचा ठेवणे आणि जीर्ण वळी तत्काळ बदलणे, या क्षुल्लक भासणाऱ्या नियमांचे मर्म येथे आहे.

दुसऱ्या टप्प्याची व्यवस्था कापडाच्या घडीत असते. प्रचलित पद्धतीत बांधणारा दोऱ्या खांद्यावर घेतो व छत्री समोर लोंबती ठेवतो. दोऱ्यांच्या रांगांमधील कापड तो एकेक करून बाहेर काढतो व निऱ्यांप्रमाणे लावतो. ‘घडी’पेक्षा ‘निरी’ हा शब्द येथे अधिक समर्पक आहे. कारण निरीचे एक टोक बांधलेले व दुसरे मोकळे असते. दोऱ्या मध्यभागी एकत्र आणि कापड बाहेरच्या अंगास, हा या रचनेचा आधार होय. एखादी दोरी कापडावरून फिरली तर छत्री विकृत उघडते, आणि कापडावर घासलेली दोरी ते जाळूही शकते.

विलंबाचे प्रमुख साधन म्हणजे स्लायडर. हा कापडाचा एक चौकोनी तुकडा असून त्याच्या चार कोपऱ्यांतील धातूच्या कड्यांतून दोऱ्यांचे चार समूह ओवलेले असतात. कापड पसरू लागले की दोऱ्या एकमेकींपासून दूर होऊन स्लायडरला खाली ढकलतात. खालून येणारा वारा त्यास वर दाबतो. या दोन प्रेरणांच्या झगड्यात तो हळूहळू उतरतो आणि तितकाच काळ छत्रीचे पसरणे लांबते. सबब बांधताना तो दोऱ्यांच्या माथ्याशी, आपल्या अटकावापर्यंत पूर्ण वर सरकविलेला असलाच पाहिजे. तो हातभर खाली राहिला तर छत्रीस आरंभीच पसरण्यास वाव मिळतो, आणि बाकी सारी घडी कितीही रेखीव असली तरी तिचा उपयोग उरत नाही. कप्प्यांची तोंडे आत सारणे, मागची कड सर्वांभोवती गुंडाळणे, सुकाणूच्या दोऱ्या अर्ध्या ओढलेल्या स्थितीत अडकविणे, या क्रियाही भरण्याचा वेग व दिशा आवरण्यासाठीच असतात. तोंडे किती आत सारावी हे छत्रीच्या जातीनुसार बदलते. तेथे निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी लागते.

यावरून नीटनेटकेपणा व अचूकता यांतील भेद स्पष्ट होतो. नवे, हवा न झिरपणारे कापड निसरडे असते. नवशिक्याच्या हाती ते फुगते, निसटते व बांधणी ओबडधोबड दिसते. तरीही दोऱ्या मध्यभागी, स्लायडर वर, वळ्या योग्य आणि छोटी छत्री सज्ज असेल, तर ती सामान्यतः सुखरूप उघडते. सुबक परंतु क्रमभ्रष्ट बांधणीविषयी तसे म्हणता येत नाही.

प्रत्येक आवरणात एक राखीव छत्रीही असते, आणि तिच्या बाबतीत तोल मुद्दाम बदललेला असतो : तेथे मृदुतेपेक्षा शीघ्रता श्रेष्ठ. अमेरिकेत राखीव छत्री अधिकृत परवानाधारकानेच बांधावी आणि ती १८० दिवसांच्या आत पुन्हा बांधली गेलेली असावी असा नियम आहे. मुख्य छत्री मात्र पुढची उडी तिने घेणाऱ्या व्यक्तीस स्वतः बांधता येते. क्रम रचणारा आणि तो अंगावर अनुभवणारा, हे दोघे तेथे एकच असतात. पिन बसल्यावर आतले काहीही दिसत नाही. स्लायडर कोठे आहे हे तपासण्याची वेळ आवरण मिटण्यापूर्वीची असते, त्यानंतरची नव्हे.