बुधवारची शर्यत, अंधार पडायच्या आत

ॲनापोलिसमध्ये उन्हाळ्यातल्या बुधवारी पाचनंतरची मीटिंग ठेवू नये. ठेवलीच, तर निम्म्या मंडळींचं लक्ष खिडकीबाहेरच्या झाडाकडे असतं, पानं हलताहेत की नाहीत ते बघण्यात. मेरीलँड राज्याची राजधानी असलं तरी हे गाव जेमतेम चाळीस हजार वस्तीचं. सेव्हर्न नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथे वसलेलं. एका अंगाला अमेरिकी नौदलाची १८४५ साली सुरू झालेली अकादमी, दुसऱ्या अंगाला ईस्टपोर्ट ही होड्यांच्या कारागिरांची जुनी वस्ती आणि मधून शहरात शिरलेली स्पा क्रीक ही चिंचोळी खाडी. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दर बुधवारी शंभराहून अधिक शिडाच्या बोटी नदीत उतरतात, शर्यत करतात आणि उजेड आहे तोवर परत येतात. शर्यत भरवतो ॲनापोलिस यॉट क्लब, स्थापना १८८६.

शिडाच्या बोटी म्हटलं की आपल्यापुढे एकदम ऑलिंपिक उभं राहतं, नाहीतर पृथ्वीप्रदक्षिणा. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून मुंबईला परतले, तसं काहीतरी. बुधवारची शर्यत अगदी दुसऱ्या टोकाची. तास-दीड तासात संपणारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऑफिस. अमेरिकेत बंदरोबंदरी अशा शर्यती चालतात आणि त्यांना सरसकट ‘बिअर कॅन रेसिंग’ म्हणतात. नावावरून काय ते समजावं. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या ‘लॅटिट्यूड ३८’ या मासिकाने तर अशा शर्यतींच्या अर्धवट विनोदी दहा आज्ञाच छापल्या होत्या. त्यांचा एकूण सूर असा, की सुरक्षितता सोडून दुसरं काहीही फार मनाला लावून घेऊ नये. प्रत्यक्षात लोक भलतंच मनाला लावून घेतात, ही गोष्ट वेगळी.

बुधवारच का? शनिवार-रविवार मोठ्या स्पर्धांना आणि घरच्यांना द्यावे लागतात, म्हणून. आणि आठवड्याच्या मधली ही मोकळी संध्याकाळ निम्मी सूर्याने, निम्मी सरकारने दिलेली. ॲनापोलिस ३९ अंश उत्तरेला, त्यात मार्च ते नोव्हेंबर घड्याळं तासभर पुढे केलेली. त्यामुळे जूनअखेर सूर्य साडेआठनंतर मावळतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच साडेसातवर येतो आणि मोसम आवरता घ्यावा लागतो. शर्यतीची लांबी, दंडाची पद्धत, निकालाचा हिशेब, सगळं या दोन-अडीच तासांच्या मापाने बेतलेलं आहे.

यात सगळ्यात बघण्यासारखी असतात ती सुरुवातीची पाच मिनिटं. पाण्यावर रेघ मारता येत नाही. समितीच्या बोटीवरची एक काठी आणि लांबवर तरंगणारा एक बोया, यांना जोडणारी मनातली रेषा हीच सुरुवात. पाच मिनिटं उरली की त्या गटाचा झेंडा चढतो, चार उरली की तयारीचा. एक मिनिट उरलं की तयारीचा उतरतो, आणि शून्यावर गटाचाही उतरला की निघायचं. भोंगा वाजतो, पण वेळ धरायची ती झेंड्यावरून. भोंगा वाजलाच नाही, ही सबब चालत नाही. आता बोटीला काही ब्रेक नसतो. थोपवायची तर शीड सैल सोडून फडफडू द्यायचं, तेही अशा गर्दीत की शेजारच्या बोटीतल्या माणसाच्या हातातलं घड्याळ वाचता यावं. एक जण मोठ्याने सेकंद मोजतो. तीस. ओढा. नको, लवकर होतंय, सोडा. वीस. वाऱ्याखालच्या बाजूने दुसरीच बोट घुसते आणि तिच्यावरचा माणूस ‘वर व्हा, वर व्हा’ म्हणून ओरडतो. त्याचंच बरोबर असतं, कारण वाऱ्याकडच्या बोटीने खालच्या बोटीला वाट द्यायची असा नियम आहे. दहा. दोरी कप्पीत करकरते, शीड ताठ होतं, बोट एका अंगावर कलते आणि कुणाची तरी पाण्याची बाटली पायाखालून गडगडत जाते. नाळ रेषेच्या दोन हात पुढे गेली असेल, तर निळ्या फुलीचा पांढरा झेंडा चढतो. मग मागे फिरून रेषा पुन्हा ओलांडायची. एवढ्याशा शर्यतीत तेवढा दंड पुरतो.

पाण्यावर पंच नसतो, आणि मला या खेळातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. नियम वर्ल्ड सेलिंग या जागतिक संस्थेचे, दर चार वर्षांनी सुधारले जाणारे. ऑलिंपिकला तेच आणि बुधवारलाही तेच. दोन बोटी समोरासमोर आल्या तर जिच्या उजव्या बाजूने वारा येतोय तिला हक्क. दुसरीने वाट द्यायची. चूक झाली तर चूक करणाऱ्यानेच बाजूला होऊन बोटीला जागच्या जागी दोन पूर्ण चकरा मारायच्या. बोयाला धक्का लागला तर एक चक्कर. कुणी बघितलं नसलं तरी. सगळेच साधुसंत असतात असं नाही. हरकत घ्यायची तर लगेच ‘प्रोटेस्ट’ म्हणून ओरडायचं, बोट सहा मीटरची किंवा मोठी असेल तर लाल झेंडाही लावायचा, मग किनाऱ्यावर सुनावणी. पण बुधवारी रात्री भुकेल्या पोटी सुनावणीला बसायची हौस कुणाला असते? बरंचसं पाण्यावरच मिटतं, कधी चकरा मारून, कधी चार शब्द सुनावून.

बोटी मात्र सारख्या नसतात. रॉड जॉन्स्टन यांनी कनेटिकटमधल्या आपल्या गॅरेजमध्ये पहिला नमुना बांधला, त्यातून १९७७मध्ये बाजारात आलेली चोवीस फुटी ‘जे/२४’ एकीकडे आणि तिच्याहून कितीतरी लांब, महागड्या बोटी दुसरीकडे. एकाच जातीच्या बोटी पुरेशा असतील तर त्यांचा वेगळा गट, बाकीच्यांना हिशेब लावायचा. लहानपणी खेळात लिंबूटिंबूला सूट मिळायची तशी ही सूट दयेची नव्हे. प्रत्येक बोटीला तिच्या अंगच्या वेगानुसार एक आकडा दिलेला असतो, दर सागरी मैलाला किती सेकंद, असा. एकीचा आकडा ९०, दुसरीचा १७०, आणि शर्यत पाच मैलांची असेल, तर संथ बोटीला ८० गुणिले पाच, म्हणजे ४०० सेकंद मिळतात. वेगवान बोट सहा मिनिटं आधी पोचूनही चाळीस सेकंदांनी हरलेली असते. त्यामुळे पहिला कोण, हे पाण्यावरून सांगता येत नाही आणि किनाऱ्यावर वाद घालायला विषय उरतो.

माणसं लागतात ती वेगळीच. ‘जे/२४’वर पाच जण सहज लागतात, मोठ्या बोटींवर आठ-दहा. दर बुधवारी कुणाचं तरी मूल आजारी, कुणाचं विमान लेट. म्हणून नवख्याला इथे जितक्या सहज जागा मिळते, तितकी रविवारच्या स्पर्धेत मिळणार नाही. काळे डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे बूट, पाण्यात तरंगवणारं जॅकेट आणि सांगितलं की लगेच हलायची तयारी, एवढं पुरे. पहिलं काम वजनाचं. बोट कलली की वरच्या कडेवर पाय बाहेर सोडून बसायचं, आणि वळताना डोकं सांभाळून दुसऱ्या कडेला पळायचं.

वाऱ्याचं काही खरं नसतं. सूर्य कलला की दक्षिणेचा वारा अनेकदा पडतो. मग समिती निळ्या चौकोनाचा पांढरा झेंडा लावून, दोन भोंगे देऊन शर्यत मधेच तोडते. जुलैत पश्चिमेकडून गडगडाटी वादळ चढतं. तेव्हा तीन भोंगे, निळा-पांढरा चौकटीचा झेंडा, शर्यत रद्द. पाण्यात पडलात तर उन्हाळाभर डंख मारणाऱ्या जेलीफिश आहेतच.

शेवटची रेषा असते खाडीच्या आत, क्लबसमोर, उघडझाप होणाऱ्या पुलाच्या अलीकडे. मागून वारा असला की मोठी रंगीत शिडं फुगवून बोटी त्या चिंचोळ्या जागेत घुसतात. दोन्ही बाजूंना नांगरलेल्या बोटी, समोर पूल. रेषा ओलांडली रे ओलांडली, की काही सेकंदांत ते शीड खाली ओढून घ्यावं लागतं. ईस्टपोर्टच्या काठावर लोक खास हे बघायला खुर्च्या टाकून बसतात. डिसेंबर २०१५मध्ये या क्लबची इमारत ख्रिसमसच्या झाडावरच्या दिव्यांमुळे आगीत सापडली. पुढच्या उन्हाळ्यात बुधवार चुकला नाही.

आपल्याकडे असं का नाही, हा प्रश्न मुंबईकराच्या मनात येतोच. क्लब आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा, म्हणजे ॲनापोलिसच्या क्लबाहून चाळीस वर्षांनी मोठा, आणि गेटवेसमोर त्याच्या ‘सीबर्ड’ जातीच्या लाकडी बोटी आजही शिडं उभारतात. अडचण उजेडाची आणि पाण्याची. दिवस मोठा असतो त्या जून-जुलैत पावसाळा, शिडं गुंडाळलेली. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. ॲनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक फूटभराचा, मुंबईला अमावास्या-पौर्णिमेला चार मीटरच्या वर, आणि ते पाणी वाहू लागलं की मंद वाऱ्यात बोट उलटीच सरकते. उरतात एप्रिल-मे. सूर्य सातपर्यंत, दुपारनंतर वायव्येचा खारा वारा भरवशाचा, भरतीचं वेळापत्रक हाताशी. बांद्र्याहून निघालेला माणूस साडेपाचला अपोलो बंदरावर पोचला, तर तासाभराची शर्यत सहज बसेल.