प्रतिजैविकांची दुसरी बाजू

क्षयरोगावरील औषधे सुरू झाली की एक-दोन दिवसांतच रोग्याच्या लघवीला तांबूस-नारिंगी रंग येतो. रक्त जात आहे अशा समजुतीने घरची मंडळी हवालदिल होतात आणि प्रसंगी औषधच बंद करतात. वस्तुतः रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक मुळातच तांबडे आहे. शरीराबाहेर पडताना ते लघवी, घाम आणि अश्रू यांना आपला रंग देते. त्या रंगापासून अपाय काहीच नाही.

स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट याच्या उलट आहे. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी ते वेगळे केले आणि क्षयावर गुण देणारे पहिले प्रतिजैविक जगाला लाभले. परंतु ते घेणाऱ्या काही रोग्यांच्या कानांत बारीक गुणगुण सुरू होई, चालताना तोल जाई. तक्रार किरकोळ वाटे. पण अंतर्कर्णातील नाजूक पेशींना इजा झाल्याची ती खूण असे, आणि गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नसे. आज हे औषध क्वचितच वापरले जाते. तथापि त्याच कुळातील जेंटामायसिन व अमिकासिन यांनाही हा दोष आहे.

तात्पर्य, परिणाम दिसतो किती भयंकर यावरून तो आहे किती गंभीर हे ठरत नाही. प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जंतूंनाही मारते. म्हणून थोडे जुलाब होतात आणि बहुधा आपोआप थांबतात. मात्र जुलाबातून रक्त पडू लागले तर डॉक्टरांना त्वरित कळवावे. पेनिसिलिनसारख्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले वा श्वास कोंडला, तर पुढची मात्रा न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. रिफाम्पिसिन घेताना डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, तर ती यकृताची तक्रार असू शकते. तेव्हाही औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एरवी औषध परस्पर सोडणे घातकच. अर्धवट उपचारातून वाचलेले क्षयाचे जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून पूर्वी कोणते औषध बाधले होते ते आरंभीच सांगावे, आणि उपचार चालू असता जे जे नवे जाणवेल ते, क्षुल्लक वाटले तरी, डॉक्टरांच्या कानावर घालावे.