गाडी कोणती हवी, हे आपणच सांगायला हवे

हुबळी-पुणे वंदे भारत गाडी 16 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाली, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पुणे जवळ आले. परंतु तिच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात बेळगाव सोडले की थेट मिरज! मधल्या गावांनी ती फाटकापाशी उभे राहून पाहायची.

जलद गाड्यांना आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर, सुळेभावी, कुडची, शेडबाळ येथील माणसाने कोणत्या गाडीत बसायचे? त्याला हवी आहे सर्व स्थानकांवर थांबणारी, पहाटे निघून कामाच्या वेळेआधी मिरजेस पोचणारी आणि संध्याकाळी परत आणणारी पॅसेंजर. शिवाय मिरजेत कोल्हापूरकडे जाणारी जोडगाडी मिळाली पाहिजे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, भाषेचाही आहे. सीमाभागातील अनेक मुले पुढील शिक्षणासाठी कोल्हापूर-सांगलीची वाट धरतात. रोज जाऊन-येऊन शिकता आले, तर गरिबाच्या मुलीचेही मराठी शिक्षण चालू राहते. खोली भाड्याने घ्यावी लागली, तर बहुधा तिचेच शिक्षण आधी थांबते. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्नावरून तणाव वाढला, तेव्हा महाराष्ट्राची एस.टी. काही काळ इकडे येईनाशी झाली होती. अशा वेळी रेल्वेचे मोल कळते.

अडचण कोठे आहे? लोहमार्ग एक, पण कारभारी दोन. बेळगाव दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात, तर मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. त्यामुळे जोडगाडीची मागणी एकाच दारात करून भागत नाही. दोन्ही विभागांकडे निवेदन द्यावे लागते आणि नव्या गाडीचा अंतिम निर्णय दिल्लीला रेल्वे बोर्डात होतो.

तेथे घोषणा ऐकल्या जात नाहीत, आकडे पाहिले जातात. कोरोनाकाळात मार्च 2020 मध्ये पॅसेंजर गाड्या बंद पडल्या. पुढे त्यांतील अनेक एक्स्प्रेसच्या नावाने परतल्या आणि किमान भाडे 10 रुपयांवरून 30 रुपये झाले. ते पूर्ववत होण्यास फेब्रुवारी 2024 उजाडला. भाडे परवडेना म्हणून जो घरी बसला किंवा वडापने गेला, त्याची नोंद रेल्वेच्या कोणत्याच वहीत झाली नाही. विनातिकीट जाणाऱ्याचीही होत नाही. तेव्हा आपल्याच स्थानकावर तिकीट काढणे, हा आपल्या गाडीच्या बाजूचा पहिला पुरावा होय.

प्रत्येक गावाने आता एक काम करावे. शिक्षण, नोकरी, दवाखाना, बाजार यांसाठी रोज किती जण, कोठे आणि किती वाजता जातात, याची यादी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसून तयार करावी. निवेदन मराठीत लिहावे. सोबत हिंदी अथवा इंग्रजी प्रत जोडावी. भाषेचा अभिमान सोडू नये, पण आपला कागद न वाचता बाजूला पडेल असेही करू नये. आणि कन्नड भाषिक शेजाऱ्यांच्या सह्या आवर्जून घ्याव्यात. फलाटावर तेही आपल्याइतकेच ताटकळतात.

यादी तयार झाली, तर मागणीला वजन येईल. न झाली, तर आपल्या दारावरून कोणती गाडी जावी हे दुसरेच ठरवतील, आणि ती आपल्यासाठी थांबणार नाही.