परदेशी अर्ध-स्वयंचलित रायफल व पहिलीच बंदूक घेणारा शेतकरी

रानडुकरांनीं उभ्या पिकांत धुमाकूळ घालावयास आरंभ केला कीं गांवांत बंदुकीची गोष्ट निघते, व ती निघाली कीं "घ्यावयाची तर परदेशी आटोमॅटिकच घ्यावी" असें कोणी तरी हटकून म्हणतो. जुन्या संस्थानी व शिकारी घराण्यांत असल्या रायफली अद्याप क्वचित् आढळतात. म्हणून त्यांच्या गुणदोषांचा विचार येथें करणें आम्हांस योग्य वाटतें.

नांव आटोमॅटिक असलें तरी या रायफली अर्ध-स्वयंचलित होत. चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. मात्र रिकामें काडतूस बाहेर फेंकून नवें नळींत चढविण्याचें काम बंदूक स्वतःच करते. रेमिंग्टनची 'मॉडेल ८' ही अमेरिकन रायफल ब्राउनिंग यांच्या रचनेची असून १९०६ सालीं विक्रीस आली. तिची नळी व बोल्ट गोळी सुटतांच एकमेकांस जखडलेल्या स्थितींत बाहेरच्या नळकांड्यांतून मागें सरकतात. डुकरास .३५ चें काडतूस पुरेसें खरें. परंतु हलते भाग फार, व मावळच्या पावसांत तें यंत्र स्वच्छ ठेवणें नवशिक्याचें काम नव्हे. विंचेस्टरची 'मॉडेल १९०७' साधी आहे. हिची नळी स्थिर असते. बोल्टास जोडलेलें पोलादी वजन पुढील लाकडांत बसविलेलें असतें, आणि त्याच्या जडपणामुळेंच नळींतील दाब उतरेपर्यंत बोल्ट मागें येत नाहीं. रचनेपुरतें पाहिलें तर आम्ही हीच पसंत करूं. पण तिचें .३५१ चें काडतूस मोठे कारखाने आतां नेहमीच्या मालांत काढीत नाहींत, आणि काडतुसावांचून रायफल म्हणजे महागडी काठीच. तिसरी बेल्जमच्या एफ. एन. कारखान्याची .२२ ची, १९१४ पासूनची. वजनानें हलकी, मधोमध उलगडून पेटींत मावणारी, फार देखणी. निशाणाच्या सरावास ती उत्तम; डुकरास मात्र ती केवळ जखमी करील, आणि जखमी डुकरासारखा वैरी शेतांत दुसरा नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी इसमांस परदेशी शस्त्र आणविण्याचा मार्ग बंद झाला. नामांकित नेमबाजांस तेवढी सवलत राहिली. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्ध-स्वयंचलित रायफली पहिल्या, म्हणजे निर्बंधित, वर्गांत मोडतात. त्यांचा परवाना देणें जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पुणें शहराच्या पोलीस आयुक्तांच्या हातीं नाहीं. तो विषय दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा. अर्जदारानें येथील कचेरीच्या पायऱ्या कितीही झिजविल्या तरी हें बदलत नाहीं.

याच्या उलट १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें कलम १३ शेतकऱ्यानें अवश्य वाचावें. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची सोय त्यांत स्पष्ट केली आहे, व ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीस परवाना देतां येतो. आमच्या मतें बाराबोरची दुनळी हीच पहिली बंदूक. तिची काडतुसें आपल्या खडकीच्या कारखान्यांत होत आलीं आहेत. हा कारखाना १८६९ सालचा असून २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया' या सरकारी कंपनीकडे आहे. शिवाय दुनळी मोडून दोन्ही नळ्या डोळ्यांनीं रिकाम्या पाहतां येतात. अर्ध-स्वयंचलित रायफलींत पेटी काढली तरी नळींत एक काडतूस राहून जातें, आणि घरांतले अपघात बहुधा त्या एका काडतुसानें होतात.

पल्ल्याचाही विचार हवा. .२२ ची चिमुकली गोळीसुद्धां मैलापलीकडे जाऊं शकते. मोठ्या रायफलीची तर कित्येक मैल. छर्रा कांहीं शें यार्डांत गळून पडतो. आपल्याकडे उसाच्या पलीकडे वस्ती, वस्तीपलीकडे रस्ता, आणि रात्रीं दारें धरणारा माणूस कोणत्या सरींत उभा आहे हें मालकासही ठाऊक नसतें. तेथें रायफल चालविणें आम्हांस भयंकर वाटतें.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं येतें. उभ्या पिकाचें नुकसान दाखवून वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीं घ्यावी लागते.

वडिलोपार्जित रायफल घरांत असेल त्यांची गोष्ट निराळी. परवानेदार वारला असल्यास, किंवा त्याचें वय सत्तर झालें असल्यास, अथवा शस्त्र पंचवीस वर्षें त्याजकडे असल्यास वारसास अर्ज करतां येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनें एका इसमास दोनच शस्त्रें ठेवतां येतात, त्यांत हेंही मोजलें जातें. अर्जापूर्वीं शस्त्रावर कोरलेला नंबर परवान्यांतील नंबराशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. जुन्या कारकुनी हस्ताक्षरांत एकाचा सात झालेला आम्ही पुष्कळदां पाहिला आहे. परवानेदार वारला असल्यास, नवा परवाना हातीं येईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यांत अथवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करून त्याची पावती घ्यावी.