ऊर्जेला राजाश्रय

पुण्याच्या जुन्या वस्तीत महात्मा फुले मंडईची उंच मनोऱ्याची अष्टकोनी इमारत उभी आहे. ती १८८६ साली खुली झाली. येथे पहाटेपासून भाजीपाल्याचे ढीग लागतात आणि दिवस कलला की मागे उरतात सडका पाला, देठ व फळांच्या साली. पाहणाऱ्यास ही घाण वाटते; परंतु तिच्यात ऊर्जा दडलेली असते. असा ओला कचरा हवाबंद टाकीत कुजविला असता सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात व त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो. त्यावर चूल पेटते, वीजही निर्माण करता येते. आणि उरलेला गाळ शेतास खत म्हणून उपयोगी पडतो.

कोळसा एकदा जळाला की संपला. पालापाचोळा, वारा आणि सूर्यप्रकाश मात्र निसर्ग पुनःपुन्हा देतो. मग ही ऊर्जा सर्वांनी पूर्वीच का स्वीकारली नाही? टाकी, पवनचक्की किंवा सौरसंच यांचा बहुतेक खर्च आरंभीच करावा लागतो. लाभ मात्र वर्षानुवर्षे थोडा थोडा पदरी पडतो. हा पहिला भार सामान्य माणसास पेलत नाही. म्हणून शासन पुढे येते.

भारत सरकारने १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्पाद्वारे गोबरगॅस संयंत्रांस अनुदान दिले. महाराष्ट्र शासनाने १९८५ साली ‘महाऊर्जा’ ही संस्था स्थापिली. तिने १९९४ साली देवगडनजीक जामसंडे येथे पवनचक्क्या उभारून वाऱ्यापासून वीज कशी मिळते, हे दाखवून दिले. पुढे साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे जणू रानच उभे राहिले. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावर सौरसंच बसविणाऱ्या कुटुंबास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली.

हे साहाय्य शासनाच्या तिजोरीतून मिळते. परंतु ती तिजोरी जनतेच्या करांनी भरते. मंडई बांधण्याचा विचार चालू असता नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी त्या खर्चास विरोध केला होता. लोकांचा पैसा शिक्षणासाठी खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले! ऊर्जेवर खर्च करतानाही हीच कसोटी लावली पाहिजे. ज्याचे स्वतःचे छप्पर नाही, त्याच्या वाट्यास काय येते? ज्या साहाय्याचा उजेड मंडईत ओझी वाहणाऱ्या हमालाच्या खोलीपर्यंत पोहोचतो, तेच साहाय्य सार्थकी लागले असे म्हणावे.